जाड प्लास्टिकमधली पदवी

मित्रांनो, मी एक जुनी पदवी आहे. तसं माझं वय सातच वर्षांचं. या वयाचं मूल दुसरीत असतं आणि त्याच्यापुढे सगळं आयुष्य पडलेलं असतं. माझं मात्र आटोपलं. कसं आटोपलं ते सांगते, पण माझी कीव करू नका. कीव ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

पुण्याला एका छापखान्यात माझा जन्म झाला. मधोमध नाव छापलं रूपालीचं आणि त्याखाली बी. ए., विषय इंग्रजी. नाशिकजवळच्या मखमलाबादला तिच्या घरात आलेली मी पहिलीच पदवी. रूपालीचे वडील मोतीरामभाऊ झेंडू-शेवंती पिकवतात आणि नाशिकच्या बाजारात विकतात. मला हातात घ्यायच्या आधी त्यांनी हात धुतले, पुसले, परत धुतले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मलाही तेव्हा स्वतःचा फार अभिमान वाटला. तेव्हा मला जगाची काय अक्कल होती?

दुसऱ्याच दिवशी, रूपालीला न विचारता, ते मला झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेले.

"सगळ्यात जाड प्लास्टिक घाल. आमच्या घरात कायम ओल्या फुलांचा पसारा. पाणी लागाया नको."

दुकानदार म्हणाला, "काका, एवढं जाड कुणी घालत नाही."

"लय कष्टाची हाय ती. घाल तू."

मी त्या गरम यंत्रातून गेले आणि बाहेर आले ती श्वास कोंडलेली. वरून चौकट, चौकटीला काच. देवघराशेजारी मला टांगलं. दसऱ्याला खुरपी आणि वजनकाट्याबरोबर माझीही पूजा होऊ लागली. चौकटीला झेंडूचा हार घालायचे. एकदा सिन्नरचे एक पाहुणे आले, त्यांनी लांबूनच टोपी काढली आणि हळूच विचारलं, "कोण वारलं?" सगळे पोट धरून हसले. मला नाही हसू आलं.

त्याच वर्षी रूपालीला पुण्याच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायचं काम होतं आणि पगार चांगला होता. तिने बॅगही भरायला घेतली होती. मोतीरामभाऊ म्हणाले, "एवढं इंग्रजी शिकून लोकांचे फोन उचलणार? आपल्या घराची काय शोभा राहील?" रूपालीने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवर शोभा देत होते.

मग ती जवळच्या एका इंग्रजी शाळेत शिकवू लागली. पगार नऊ हजार. त्या शाळेत मुलांच्या बसवाल्याला जास्त मिळतात, पण त्याला कुणी 'मॅडम' म्हणत नाही, तेवढा फरक. गावातले लोक मात्र तिच्या इंग्रजीवर तुटून पडायचे. कुणाचा बँकेचा अर्ज, कुणाच्या द्राक्षांसाठी परदेशी व्यापाऱ्याला पत्र. "रूपालीताई, एवढं जरा करून दे ना." ती करून द्यायची. त्या पत्रांवर लोकांचे कंटेनर गेले आणि हिच्या पदरात मेथीची जुडी पडली. डॉक्टरकडे जाताना लोक खिशात हात घालतात. इंग्रजी मात्र सगळ्यांना फुकट लागतं. लग्नासाठी एक स्थळ आलं, मुलाच्या आई मला निरखून म्हणाल्या, "बरं झालं, नातवंडांची शिकवणी घरातच होईल." रूपालीने त्यांना चहा दिला आणि नकारही दिला.

यंदा मात्र तिचं नशीब उघडेल असं वाटलं. मस्कतच्या एका शाळेने तिची मुलाखत मोबाइलवर घेतली आणि तिला निवडलं. पगार सत्तर हजार, राहायला खोली. अट एकच होती, मूळ पदवीवर सरकारी शिक्के मारून पंधरा दिवसांत कागद पाठवायचे. या वेळी मोतीरामभाऊंनी हूं की चूं केलं नाही. स्वतः खिळ्यावरून चौकट काढली. आम्ही तिघं मुंबईला गेलो.

शिक्के मारणाऱ्या सरकारी कचेरीत खिडकीतल्या बाईंनी मला उलटंसुलटं केलं. "हे लॅमिनेशन कुणी केलं? शिक्का मूळ कागदावर मारतात. प्लास्टिकवर कसा मारू? विद्यापीठातून दुसरी प्रत घ्या." त्या बाईंचं काही चुकलं नाही. दुसरी प्रत यायला दोन-तीन महिने लागणार होते.

घरी येऊन रूपालीच्या आईने, कलाबाईंनी, इस्त्री तापवली. वर फडकं ठेवून त्यांनी माझ्या पाठीवरून ती फिरवली. "सुटतंय बघ," त्या म्हणाल्या. रूपालीने एक कोपरा धरून हळूहळू प्लास्टिक ओढलं. प्लास्टिक सुटलं, पण शाईही त्याच्याबरोबर सुटली. तिचं नाव प्लास्टिकला चिकटून वर गेलं आणि माझ्या पोटावर पांढरा ओरखडा उरला.

कलाबाईंनी इस्त्रीचं बटण बंद केलं. मग मोतीरामभाऊ म्हणाले, "मला वाटलं, पाणी लागाया नको."

"माहितीये बाबा," रूपाली म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. त्या माणसाला काहीतरी उत्तर तरी देता आलं असतं.

दुसरी प्रत आली तेव्हा मस्कतच्या शाळेत दुसरी कुणी शिकवत होती. रूपाली आजही नऊ हजारांवर जाते. लोक आजही म्हणतात, इंग्रजीत पदवी घेऊन काय मिळतं? मला राग येतो, मित्रांनो. मिळत होतं. दोनदा दारात आलं होतं. एकदा शोभेसाठी परत पाठवलं, एकदा मायेने.

म्हणून एवढंच सांगते. घरात पदवी आली की तिला हार घालू नका, भिंतीवर चढवू नका. ती मुलीच्या हातात द्या आणि तिला विचारा, "बाई, ही घेऊन तुला कुठे जायचंय?" आमच्या घरात माझी पूजा झाली, पण एवढं तिला कुणी कधीच विचारलं नाही.