रोशनचा राहिलेला भागाकार

मित्रांनो, दिग्रसच्या एका घरात खिडकीशेजारच्या खिळ्याला जी मण्यांची जुनी पाटी टांगलेली असे, ती मी. माझी चौकट सागवानी आहे. उमरखेडच्या एका सुताराने मला घडविले आणि तारांच्या जागी सायकलचे स्पोक बसविले. दहा तारा, प्रत्येकीवर दहा लाल मणी, असे माझे साधे रूप. शिक्षक असलेल्या बाबारावांनी मला आपल्या थोरल्या मुलासाठी, रोशनसाठी, करून घेतले होते.

रोशन फार तल्लख होता. सहाव्या वर्षी तो भागाकार करीत असे. पाहुणे आले की बाबाराव त्याला गणित घालीत आणि उत्तर ऐकून मिशीत हसत. त्या कौतुकात माझाही वाटा आहे असे मला वाटे. परंतु त्याला दम्याचा विकार होता. कापसाच्या हंगामात जिनिंगमधले तंतू हवेत उडू लागले की त्याची छाती घरघरत असे. अशाच एका दुपारी तो मला मांडीवर घेऊन बसला. एकेका तारेवरचे मणी त्याने विचारपूर्वक सरकविले, मला खिडकीत उभे केले आणि म्हणाला, "बाबा आले की दाखवतो." बाबाराव घरी आले तेव्हा त्याला दवाखान्यात नेले होते. तेथून तो परत आला नाही.

बाबारावांनी माझ्याकडे पाहिले. प्रत्येक तारेवर काही मणी डावीकडे, उरलेले उजवीकडे. डावीकडचे मोजून त्यांनी ठरविले की हा मोठा आकडा आहे. मुलाचा अर्ध्यावर राहिलेला भागाकार आहे. त्यांनी मला जराही न कलवता खिळ्याला टांगले आणि माझ्या मण्यांना कोणी हात लावू नये असा घराचा नियम झाला. माझी चौकट ते श्वास रोखून पुसत. कधी माझ्यासमोर उभे राहून त्या आकड्याला कशाने भाग जाईल हे पुटपुटत. मित्रांनो, तो आकडा नव्हता. मला हे ठाऊक होते; परंतु मुक्या वस्तूने सांगावे कसे? रोशनची बोटे जेथे थांबली होती, तेथेच माझे आयुष्यही थांबून राहिले.

वर्षे गेली. धाकटा प्रफुल्ल संसाराला लागला. त्याची पत्नी मोनाली, त्यांची मुलगी नयन. नयनही सहा वर्षांची, तशीच तल्लख आणि तिच्याही छातीत तीच घरघर. ती घरघर प्रथम ऐकली तेव्हा माझ्या तारा शहारल्या. कापसाचा हंगाम आला आणि मोनालीने मुलीला यंदा घरीच शिकवायचे ठरविले. बाकीचे विषय तिला जमत होते. प्रश्न गणिताचा होता. तिने दोन अभ्यासक्रम मागविले. एक जाडजूड, वरच्या इयत्तेचा, हुशार मुलांसाठी म्हणून गाजलेला. दुसरा पातळ. त्यात मोजणे, मांडणे, मोडणे आणि पुन्हा मांडणे, एवढेच.

बाबारावांनी जाड पुस्तक उघडले. "भागाकार इथं हाय. इथूनच सुरू करा. रोशन या वयात इथंच होता."

"मामाजी, आधी तिले मण्याइशी खेळू तं द्या," मोनाली सासऱ्यांना म्हणाली.

"हे पोरगी खेळाची नाही."

"खेळाची नाही तं काय, नोकरीले लावता तिले?" नयनची आजी प्रभावतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

जाड पुस्तकच सुरू झाले. नयन उत्तरे बरोबर देई. उत्तर आले की बाबाराव भान हरपून म्हणत, "शाब्बास रोशन!" आणि ती पोर "हो" म्हणे. मित्रांनो, त्या "हो"चे मला भय वाटू लागले. पुढे पुढे तर उत्तर देण्याआधी ती मान वळवून माझ्याकडे पाही, जणू माझ्यामागे कोणी उभे आहे आणि त्याला विचारूनच बोलायचे आहे.

एका सकाळी तिने पुस्तक मिटले. "मले नाही येत."

"येते तुले, बेटा," मोनाली म्हणाली. मग ती सासऱ्यांकडे वळली. "तिले येते, मामाजी. पण ते तिचं नाही राह्यलं. तुमी तिले रोशन काहून म्हणता? अन् ते हो म्हणून राह्यली!"

बाबारावांनी माझ्याकडे बोट केले. "त्याचा भागाकार राह्यला, बाई. मी कोणाकडून पुरा करून घेऊ?"

नयनने वर पाहिले. "आबाजी, थो भागाकार नाही. थे तं तुमीच हाय."

"काय?"

ती स्टुलावर चढली आणि मण्यांच्या कडेवरून, न शिवता, बोट फिरवू लागली. "हे कपाळ. हे नाक. हे हनुवटी."

डावीकडच्या मण्यांची कड खरोखरच बाजूने पाहिलेल्या माणसाचा चेहरा होती. मधल्या तारेवरचे मणी सर्वांत पुढे आलेले.

प्रभावतीबाई ओल्या हातांनी बाहेर आल्या. "अगं माय! नाक तं यांचंच हाय. पोरानं एक मणी कमी नाही लावला!" त्या हसू लागल्या, आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावून खाली बसल्या.

बाबारावांनी स्वतःच्या नाकाला हात लावला. "मले दाखवाले ठेवलं होतं त्यानं," ते म्हणाले. "अन् मी भाग देत बसलो."

पातळ पुस्तकाच्या पहिल्या धड्याला मण्यांची पाटी लागत होती. "तुमची पाटी राहू द्या, नवी आणू," मोनाली म्हणाली. पण बाबारावांनीच मला खाली काढले. वरच्या तारेपासून ते एकेक रांग मागे सारू लागले. मणी गंजलेल्या तारांवर अडत होते. नाकापाशी त्यांचा हात थांबला.

"नयन," ते म्हणाले, "हे तू सरकव."

त्या वर्षी पातळ पुस्तकच चालले. जाड पुस्तक फळीवर आहे. हवे वाटेल तेव्हा ती काढील. माझ्यावर आता चेहरा नाही. कपाळ किती मण्यांचे होते हे मला आठवते, पण कोणाला दाखविता येत नाही.

नयन मणी मांडून उठली की बाबाराव माझ्यापाशी येतात, बाजूने पाहतात, खाली वाकून पाहतात. मग तिला हाक मारून विचारतात, "हे काय हाय वं?" कधी ती म्हणते, बेरीज. कधी म्हणते, शेळी.

मित्रांनो, लेकराने मांडलेले काही दिसले तर त्याचा अर्थ आपला आपण लावू नका. ते समोर आहे तोवर त्यालाच विचारा.