भिंतीवर उमटलेली राजनंदिनी

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. राजारामपुरीतल्या एका शाळेत विज्ञानाच्या खोलीत माझा मुक्काम असतो. एकेकाळी मी पांढराशुभ्र होतो, आता माझा रंग चहासारखा झाला आहे. पंखा सुरू झाला की दमेकऱ्यासारखी घरघर लागते. पण मित्रांनो, मी रडगाणं गायला बसलेलो नाही. माझं आयुष्य मोठ्या मजेत गेलं आणि त्यातली सगळ्यात मजेची गोष्ट मला तुम्हांला सांगायची आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या मुलींनी माझ्या पोटात भिंगं बसवली, आरसे बसवले आणि मधोमध एक दिवा ठेवला. मग खोक्यात बसून मी कोल्हापूरला आलो. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाला माजी विद्यार्थ्यांनी मला भेट म्हणून दिलं. मला हार घातला, नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं. त्यातलं थोडं कुंकू माझ्या भिंगावर सांडलं. त्यामुळं पहिल्याच दिवशी पडद्यावर प्रमुख पाहुण्यांच्या नाकावर गुलाबी डाग दिसत होता. सगळ्यांनी तो पाहिला, पण कोणी बोललं नाही.

त्यानंतर मुख्याध्यापक चौगुले सरांनी मला कपाटात ठेवलं. "दिवा जपून वापरायचा," असं ते शिपाई पिराजीमामांना बजावून सांगत. जपता जपता तो कोणी वापरेनासंच झालं. मी मखमली कापडाखाली अंधारात पडून राहायचो. बाहेरून मुलांचा गलका ऐकू यायचा आणि मला वाटायचं, मी उजेड पाडण्यासाठी जन्मलो की धूळ खाण्यासाठी?

दोन हजार आठ साली जूनमध्ये दीप्ती कांबळेबाई शाळेत विज्ञान शिकवायला आल्या. त्या शाहूवाडीकडच्या एका खेड्यातल्या. पावसात ओढा भरला की लहानपणी त्यांची शाळा बुडायची आणि बुडालेल्या धड्यांची चौकशी कोणी करायचं नाही. आल्या आल्या त्यांनी माझं कपाट उघडायला लावलं.

"बाई, दिवा गेला तर सर माझी खरडपट्टी काढतील की," पिराजीमामा म्हणाले.

"मामा, दिवा लावला नाही तरी तो गेल्यातच जमा आहे," बाई म्हणाल्या.

अशा रीतीनं मी आठवीच्या वर्गात पोचलो. बाईंनी मुलांना इंटरनेटवर स्लाइड बनवायचं एक साधन दाखवलं. त्याची गंमत अशी, की स्लाइड एकच, पण ती वेगवेगळ्या कॉम्प्युटरवरून अनेकांना उघडता यायची आणि कोणालाही तिच्यात लिहिता यायचं. एकानं लिहिलेलं क्षणभरानं दुसऱ्याला दिसायचं. मुलांना हे कळलं मात्र, पहिल्याच दिवशी वर्गाचा आठवडी बाजार झाला.

"बाई, राजवीरनं माझी म्हैस पुसली," मनाली तक्रार घेऊन आली.

"मी न्हाई पुसली. ती आपोआप गेली की," राजवीर म्हणाला. म्हशीच्या जागी त्यानं स्वतः शोधलेलं चित्र चिकटवलं होतं आणि ते त्याला फार आवडलं होतं.

मनाली, राजवीर आणि राजनंदिनी या तिघांच्या गटाला दुधाचा विषय मिळाला होता. राजनंदिनी ही वर्गातली सगळ्यात मोठ्या आवाजाची मुलगी. ती हसली की माझं भिंग थरथरायचं. पण गणपतीच्या सुट्टीत ती उतारावर सायकलवरून पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि जिना अरुंद. म्हणून प्लास्टर घातल्यावर तिला वारणानगरला कृष्णातमामाच्या घरी ठेवलं. मामाचं घर कॉलनीत, तळमजल्यावर होतं.

तिची जागा रिकामी दिसू लागली. सहामाही परीक्षा बुडाली. दिवाळीनंतर चौगुले सर वर्गात आले आणि माझ्यासमोरच बाईंना म्हणाले, "त्या मुलीला पुढच्या वर्षी पुन्हा आठवीत बसू दे. हजेरी नाही, परीक्षा नाही. आता प्रकल्पाची तोंडीही बुडणार. तिच्या वडिलांचंही तेच म्हणणं आहे."

"सर, पाय मोडलाय, डोकं शाबूत आहे. मी तिची तोंडी घेते."

"तिच्या तोंडाशिवाय?"

"मला एक तास द्या. तुम्हीही समोर बसा. नाही जमलं तर तुम्ही म्हणाल तसं."

सरांनी मान डोलावली, पण चेहऱ्यावर विश्वास दिसत नव्हता.

कृष्णातमामा तिथल्या कॉलेजच्या ऑफिसात कामाला होता आणि घरी त्याचा कॉम्प्युटर होता. बाईंनी त्याला फोन लावला. "बाई, पोरगी भिंतीकडं तोंड करून पडून असती," तो म्हणाला. "जेवायला बस म्हटलं तरी बोलत न्हाई. तुमच्या त्या स्लाइडी उघडून देतो, पण ती बघंल असं काय वाटत न्हाई मला."

बरेच दिवस काहीच घडलं नाही. मग एका सकाळी मनालीच्या गटाची स्लाइड माझ्या उजेडात भिंतीवर पडली होती. वर ठळक मथळा होता, 'दूधाचा प्रवास'. बाई पुस्तक चाळत होत्या, कीबोर्डजवळ कोणी नव्हतं. तेवढ्यात मथळ्याखाली एक नवी ओळ उमटली.

'दूधाचा नव्हे, दुधाचा.'

सगळ्या माना राजवीरकडे वळल्या. राजवीरनं दोन्ही हात वर करून दाखवले. "मी न्हाई हां," तो म्हणाला.

थोड्या वेळानं दुसरी ओळ आली. 'आणि ही म्हैस नाही, रेडा आहे. रेडा दूध देत नाही राजवीर.'

वर्गात असा काही हशा पिकला, की शेजारच्या वर्गातली मुलं दारात येऊन उभी राहिली. बाई कॉम्प्युटरकडे धावल्या. 'कोण आहे?' त्यांनी लिहिलं.

'पाय मोडलेली.'

मित्रांनो, माझ्या उजेडात तोवर कितीतरी चित्रं भिंतीवर पडली होती. पण एखादं माणूस असं अक्षरांनी वर्गात येऊन बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. मनाली हसता हसता रडायला लागली होती.

मग राजनंदिनीनं स्वतःला कामाला जुंपून घेतलं. मामाच्या खिडकीतून दूध डेअरीकडे जाणारे टँकर दिसायचे. मामा मोबाइलवर फोटो काढून आणायचा, ती ते स्लाइडवर चढवायची. इकडे मनाली आणि राजवीर गंगावेशीत समोर म्हैस पिळून देतात त्या दूध कट्ट्यावर जाऊन धारोष्ण दूध पिऊन आले आणि ती माहिती त्यांनी जोडली. रेडा गेला, खरी म्हैस आली.

तोंडीचा दिवस उजाडला. चौगुले सर पहिल्या बाकावर हाताची घडी घालून बसले. मनाली बोलली, राजवीर बोलला. राजनंदिनीला विचारलेला प्रश्न बाई स्लाइडवर लिहीत आणि उत्तर खाली उमटे. दोन-तीन उत्तरं झाल्यावर सर म्हणाले, "शेजारी मामा बसून सांगत असेल. मी विचारतो. दूध तापलं की उतू जातं, मग पाणी का जात नाही?"

बाईंनी प्रश्न लिहिला. भिंतीवर काहीच उमटेना. इंटरनेट गेलं का, म्हणून बाईंनी वायर तपासली. मनालीनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. माझा दिवा फडफडू नये म्हणून मी जीव मुठीत धरला होता. त्या उत्तरावर एका मुलीचं अख्खं वर्ष टांगलं होतं.

आणि मग अक्षरं आली.

'दुधावर सायीचा पापुद्रा धरतो. खालून येणारी वाफ त्यात अडकते आणि साय वर ढकलते. म्हणून दूध उतू जातं. पाण्यावर साय धरत नाही. सर, एका बोटानं लिहिते म्हणून वेळ लागला. मामा ऑफिसात गेलाय, नाहीतर त्याच्याकडून पटपट लिहून घेतलं असतं.'

चौगुले सर आधी गालातल्या गालात हसले, मग मोठ्यानं हसले. उठून कॉम्प्युटरसमोर गेले. अक्षरं शोधत, चष्मा वरखाली करत त्यांनी एक शब्द लिहिला, 'शबास'.

क्षणभरानं खाली ओळ आली, 'सर, काना राहिला.'

त्या दिवशी सरांनी कपाटाची किल्ली कांबळेबाईंच्या हातात दिली. बुडालेली सहामाहीही त्यांनी नंतर वेगळी घ्यायची ठरवली. राजनंदिनीचं वर्ष वाचलं. संक्रांतीनंतर ती कुबडी घेऊन वर्गात आली आणि नेमकी माझ्या उजेडात येऊन उभी राहिली. तिची भलीमोठी सावली भिंतीवर पडली. "सरक की, स्लाइड दिसंना," राजवीर ओरडला. ती सरकली नाही. ती सरकावी असं कोणाला वाटतही नव्हतं.

आता माझा उजेड मंदावला आहे. तरी पावसाळ्यात खोली अंधारली की मला अजून बाहेर काढतात आणि माझं मन भरून येतं. मित्रांनो, माझ्यासारख्यांची थोडी काळजी घ्या. भिंगाला बोट लावू नका. पंखा थांबेपर्यंत वायर उपटू नका. जपायचं म्हणून कोणाला कपाटात कोंडून ठेवू नका. आणि वर्गातली एखादी जागा रिकामी दिसली, तर तिथल्या मित्राला हाक मारा. उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ दिवा चालू ठेवा.