मास्तरांचा अकरावा नारळ

बावीस वर्षांत मास्तरांना दहा क्लबांनी नारळ दिला होता. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतल्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड, हे त्यांनी लग्नाआधीच बायकोच्या कानावर घातलं होतं; पण ऐकणं वेगळं आणि दर दोन वर्षांनी मांडलेली शेगडी उचलणं वेगळं. एका क्लबने त्यांना पत्राने काढलं, एकाने फोनवर. एका ठिकाणी तर सामन्याला निघताना बसचा ड्रायव्हर अवघडून म्हणाला, "मास्तर, तुमची सीट आज दुसऱ्याला दिलीय म्हणे." मास्तर खाली उतरले आणि बस निघेपर्यंत पोरांना हात करत राहिले. तिथून सामान हलवताना शेजारच्या खिडकीचा पडदा हलला, दार मात्र उघडलं नाही.

मास्तरांच्या बायकोला सगळे बाई म्हणत. बाईंना ते न उघडलेलं दार फार लागलं. तेव्हापासून ओळखीतल्या कुठल्याही प्रशिक्षकाची नोकरी गेली, की त्या त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोबरोबर सामान बांधायला बसत. सांत्वनाचे चार शब्दही बोलत नसत. "काचेचं टॉवेलात गुंडाळ गं, कागदाचा काही भरवसा नाही," एवढंच.

अकराव्या क्लबात नशीब उघडलं. मास्तर संचालक झाले. स्वतःची खोली, फिरती खुर्ची, दारावर पाटी! संचालकाला सहसा कोणी काढत नाही, असं ऐकल्यावर बाईंनी सुताराच्या डोक्यावर बसून भिंतीत कपाट करून घेतलं. "हे उचलून नेता येत नाही," असं येईल त्याला कौतुकाने सांगायच्या.

प्रशिक्षक म्हणून मास्तरांनी डावऱ्याला आणलं. हा त्यांचाच जुना खेळाडू. डावा पाय सोन्याचा, उजवा नुसता उभं राहायला. डावऱ्या आला आणि ओळीने सात सामने हरला. मास्तर घाबरले नाहीत. पोरं चेंडू उगाच उंच भिरकावायचं सोडून पायात खेळवायला शिकत होती, आणि शिकणारी पोरं आधी हरतात. पण क्लबच्या अध्यक्षांचा गाद्यांचा कारखाना. त्यांना हे कोण समजावणार?

"संचालकसाहेब, कोणीतरी जायला हवं," मंगळवारच्या बैठकीत अध्यक्ष म्हणाले. "लोकांना काहीतरी दाखवावं लागतं."

"मग मी जातो. त्याला मी आणलं. हंगाम संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, एवढं लिहून द्या."

अध्यक्षांनी लिहून दिलं. इतकं चटकन दिलं, की मास्तरांना जरा वाईटच वाटलं.

संध्याकाळी घरी आले, तर बाई चपला घालून तयार. डावऱ्याला काढलं, असा बोभाटा झालाच होता. "चला, त्याच्याकडे जाऊ. दोन लहान पोरं पदरात, त्याची बायको एकटी काय काय बांधेल?" खरं काय ते मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बाईंच्या मागे ते कपाट दिसलं, आत कपड्यांच्या नीट लावलेल्या थप्प्या दिसल्या आणि त्यांचा धीर सुटला. "चल," एवढंच म्हणाले.

डावऱ्याने दार उघडलं आणि मास्तरांना पाहून मान खाली घातली. संचालक घरी येतो तो एकाच कामाला. आत त्याची बायको स्वयंपाकघराच्या फरशीवर पसारा मांडून बसली होती. बाईंनी पदर खोचला आणि तिच्याशेजारी बसून पेले गुंडाळायला घेतले.

"बांधू नका काही," मास्तर दारातूनच म्हणाले. "डावऱ्या राहतोय. हंगाम संपेपर्यंत. लिहून घेतलंय मी."

डावऱ्याची बायको तोंडावर हात ठेवून रडायलाच लागली. बाईंनी मात्र मान वर केली. बावीस वर्षं त्यांनी हा चेहरा वाचला होता.

"मग जातंय कोण?"

मास्तर खाली वाकून चपला काढू लागले.

"अहो, मला आधी सांगायचं नाही?"

"सांगणार होतो. तू लगेच हो म्हणाली असतीस, त्याचीच भीती वाटली."

"मास्तर, असलं मला नको," डावऱ्या पुढे आला. "मी उद्याच जाऊन सांगतो त्यांना."

"तू गप्प बस," बाई कडाडल्या. "शनिवारी जिंकून दाखव, शहाणा आहेस तर." आणि बोलता बोलताच त्यांना रडू फुटलं. दहा बिऱ्हाडं हलवली, तेव्हा ही बाई कुणासमोर रडली नव्हती.

मास्तर त्या परक्या स्वयंपाकघरात तिच्याशेजारी फरशीवर बसले. तिच्या हातातला पेला त्यांनी हळूच काढून घेतला.

"चुकलं का माझं?"

"नाही, बरोबर केलंत," बाई म्हणाल्या. "पण मला ते घर फार आवडलं होतं हो. आता जरा रडू द्या मला."