मधलीचा सूर

तीन बहिणींचं त्रिकूट एके काळी घराघरांत वाजायचं. एक गिटार, एकच माईक, त्याभोवती तीन डोकी, आणि जुनी लोकगीतं अशी काही मऊ करून गायलेली की ऐकणाऱ्याच्या पोटातलं पाणी हलू नये. पुढे ती दंतवैद्यांच्या दवाखान्यात वाजू लागली, तेव्हा धाकटी म्हणाली, "चला, निदान भूल द्यायच्या कामी तरी आलो."

त्यांची एक रीत होती. तिघींनी एकदम श्वास घ्यायचा नाही. कडव्याच्या शेवटी थोरली आणि धाकटी श्वास घ्यायच्या, तेवढ्यात मधली एकटी सूर धरून ठेवायची. मधली वारली, तरी दोघींनी श्वासाची ती जागा बदलली नाही. तिथे आता गाणं तुटायला हवं होतं. पण थोरलीला ते तुटलेलं कधी ऐकूच आलं नाही. त्या जागी मधलीचा सूर यायचा, तसाच, जरा नाकातला. पहिल्यांदा तिच्या अंगावर काटा आला. नंतर ती त्या सुरासाठीच गाऊ लागली. धाकटी वेड्यात काढेल म्हणून तिने तोंडातून ब्र काढला नाही.

नव्या रेकॉर्डसाठी मधलीच्या लेकीला घ्यायचं धाकटीने ठरवलं. आवाज कच्चा आहे म्हणत थोरलीने बरीच चालढकल केली.

"पोरगी आईच्या जागी उभी राहतेय. तुझ्या पोटात का दुखतंय?" धाकटीने विचारलं. मग थोरलीचा नाइलाज झाला.

स्टुडिओत कडवं संपलं, दोघींनी श्वास घेतला, पोरीने सूर धरला. स्वच्छ, भरीव, तिचा स्वतःचा. काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने अंगठा दाखवला.

"पुन्हा," थोरली म्हणाली. मग, "अजून एकदा." कानांत प्राण आणून ती ऐकत होती. त्या सुराखाली दुसरं कोणीच नव्हतं.

"मावशी, मी चुकतेय का?" पोर रडकुंडीला आली.

"नाही गं बाळा." थोरलीला तिचा राग आला आणि त्या रागाची लाजही वाटली. "तू जरा पाणी पिऊन ये."

दार लागल्यावर धाकटी हळूच म्हणाली, "ताई, मलाही ऐकू यायची ती. दर वेळी."

"मग तरी हिला आणलंस?"

"म्हणूनच आणलं. आपण दोघी श्वास घेतो आणि ती मेल्यावरही सूर धरून उभी. तिला श्वास कधी घेऊ देणार?"

पोर परत आल्यावर थोरलीने तिला दंडाला धरून मधोमध उभं केलं.