रविवारची प्रत

"ती जुनी डिस्क वेगळी का काढून ठेवताय?" साहेबांनी दारातूनच विचारलं.

"तिच्यावर काही लिहिलं गेलं तर उरलंसुरलंही जाईल, सर. नव्या डिस्कवर रविवारी काढून ठेवलेली सगळ्या नोंदींची प्रत चढवते."

"म्हणजे पुरावा तुमच्याच ताब्यात."

ताईंनी नवी डिस्क सर्व्हरमध्ये बसवली. रक्तपेढीतले संगणक त्या सांभाळत. सोमवारी त्यांनी राजीनामा दिला आणि बुधवारी सकाळी सर्व्हर बंद पडला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पण सगळे बघत होते ते कावळ्याकडेच. फ्रिजमध्ये रक्ताच्या पिशव्या होत्या, त्यांच्या तपासणीचे निकाल सर्व्हरमध्ये अडकलेले. निकालाशिवाय एकही पिशवी देता येत नव्हती. बाहेर बाकावर एक म्हातारे गृहस्थ सुनेसाठी रक्त न्यायला ताटकळले होते.

साहेबांनी ताईंवर लक्ष ठेवायला प्रयोगशाळेतल्या बाईंना बसवलं. दोघी इतकी वर्षं एका डब्यात जेवलेल्या. बाईंनी खुर्ची ओढली आणि टेबलावरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली. साहेबांच्या बोलण्यापेक्षा ताईंना तेच लागलं.

"तुलाही मीच वाटते?"

"मला कुठं काय कळतंय त्यातलं," बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या. "पण बढती हुकली म्हणून रागात होतीस ना?"

"होते. अजून आहे."

प्रत शाबूत निघाली. दुपार होईस्तोवर नवी डिस्क भरत राहिली, मग सर्व्हर सुरू झाला. नावं, रक्तगट, निकाल, सगळं जागच्या जागी. साहेबांचा चेहरा सैलावला.

"चला, द्या पिशव्या."

"रविवारपर्यंतच्याच द्या, सर. त्यानंतरचे निकाल या प्रतीत नाहीत. त्या पिशव्या पुन्हा तपासाव्या लागतील."

"बरोबर तुमच्या राजीनाम्यानंतरचेच दिवस गेले?"

"प्रत दर रविवारीच निघते."

"हं," साहेब म्हणाले. ते पटल्याचं नव्हतं.

म्हातारे गृहस्थ थंड डबा सांभाळत घाईघाईनं निघून गेले. थोड्या वेळानं बाहेरून बोलावलेला दुरुस्तीवाला आला. त्यानं जुनी डिस्क आपल्या यंत्राला जोडली, तिची खरखर ऐकली.

"झिजलीय हो. आपोआपच गेली, हिला कुणी हात लावायची गरजच नव्हती."

"बरं," साहेब म्हणाले आणि फोन कानाला लावून आपल्या खोलीत गेले.

बाईंनी राहिलेल्या पिशव्या तपासायला घेतल्या. निकाल नव्यानं भरायचे होते. ताई संगणकापाशी बसल्या.

"तू जा घरी. मी करीन," बाई म्हणाल्या.

"नंबर सांग."

बाई एकेका पिशवीचा नंबर आणि निकाल वाचू लागल्या, ताई टाइप करू लागल्या. मध्येच बाईंनी आपली पर्स परत टेबलावर आणून ठेवली. ताईंनी मान वर केली नाही.

"पुढचा," त्या म्हणाल्या.