जास्तीचे दोन बॉक्स

"अजून दोन बॉक्स जोड," जयवंत म्हणाला. "मंडळवाल्यांना छातीत दणका बसला पाहिजे."

जयवंत ऑर्केस्ट्राचा मालक आणि चंद्रप्रकाश त्याच्याकडे वर्षानुवर्षं बेस गिटार वाजवणारा. रविवारची सकाळ होती, मुलुंडच्या मैदानात मंडळाच्या रौप्यमहोत्सवाचा मांडव तुडुंब भरला होता. चंद्रप्रकाशने त्याला शांतपणे समजावलं. बेसचा हा जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर, त्याला चार ओहमचेच स्पीकर चालतात. आठ-आठ ओहमचे दोन बॉक्स लावले की बरोबर चार होतात. आणखी दोन लावले की चाराचे दोन होतात, ताण वाढतो आणि आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. विलायती ट्रान्सफॉर्मर, अख्खी मुंबई पालथी घातली तरी दुसरा मिळायचा नाही. पण जयवंतला हे सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

"ओहमबिहम मला नको सांगू यार. जमत नसेल तर खाली बस. नंदू डाव्या हाताने बेस काढतो की."

नंदू जपानी कीबोर्ड घेऊन ऑर्केस्ट्रात आला तसे व्हायोलिनवाले, अ‍ॅकॉर्डियनवाला एकेक करून घरी बसले होते. पण नंदू माणूस वाईट नव्हता. आताही तो मान खाली घालून उगाचच वायरी तपासत राहिला.

चंद्रप्रकाशने समोर पाहिलं. तिसऱ्या रांगेत त्याची बायको उत्तरा बसली होती. घाटकोपरच्या खोलीत भांडी घासता घासता तिने त्याचा रियाज ऐकला होता, पण कार्यक्रमाला ती क्वचितच यायची. आज मोरपिशी साडी नेसून शेजारणीला मुद्दाम घेऊन आली होती. तिच्यादेखत स्टेजवरून उतरणं त्याच्या अगदी जिवावर आलं. आवाज बेताचा ठेवू, निभावून जाईल, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि ते दोन बॉक्स स्वतःच्या हाताने जोडले.

पहिली दोन गाणी अशी वाजली की मांडवाचे बांबू हादरले. जयवंतने लांबूनच अजून वाढव म्हणून खूण केली. चंद्रप्रकाशने वाढवला. तिसऱ्या गाण्याच्या अंतऱ्याला तापलेल्या डांबरासारखा वास आला, बेसचा आवाज फाटला आणि बंद पडला.

बेसवाल्यांची एक समजूत असते. बेस वाजतो तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही, पण थांबला की गाणं कोसळतं. याच समजुतीवर त्याने उमेदीची सगळी वर्षं मागच्या रांगेत उभं राहून घालवली होती. आता तो श्वास रोखून थांबला. गाणं कोसळलं नाही. नंदूचा डावा हात खालच्या पट्ट्यांवर सरकला होता. लोक टाळ्यांचा ठेका धरून डोलत होते, एकाचीही मान वळली नाही.

गिटार ठेवून निघून जाता आलं असतं. पण उत्तरा पाहत होती. तो मुक्या तारांवर बोटं चालवत उभा राहिला, उरलेली सगळी गाणी, एकही जागा न चुकवता. इतकं एकटं त्याला जन्मात वाटलं नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर उत्तरा शेजारणीला चहाच्या टेबलापाशी सोडून मांडवामागे आली. तिचा चेहरा नुसता फुलला होता.

"सुरुवातीला जरा ढणढणत होतं हां," ती म्हणाली. "पण नंतर काय गोड वाजवलंत. मी शेजारणीला म्हटलं, यांचा हात मी डोळे मिटून ओळखते."

वायर गुंडाळणाऱ्या नंदूने चमकून वर पाहिलं. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, तेव्हा चंद्रप्रकाशने हलकेच मान हलवली. नंदू पुन्हा वायर गुंडाळू लागला.

"आवडलं ना?" चंद्रप्रकाशने विचारलं.

"म्हणजे काय."

त्याने तिला चहा घ्यायला पुढे पाठवलं. मग अ‍ॅम्प्लिफायरवर आपला टॉवेल पसरला, नीट चारी बाजूंनी खोचला आणि खाली वाकला.

"नंदू, एक बाजू धर रे," तो म्हणाला. "सांभाळून. अजून गरम आहे."