झेनॉन ऐकणारा अंगरखा

मित्रांनो, मी एक जुना अंगरखा आहे, पण माझ्याने कुणाची थंडी भागत नाही. माझ्या कापडात तांब्याच्या तारा शिवलेल्या आहेत. उत्तर इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात मला रुग्णाच्या छातीभोवती बांधून एमआरआयच्या बोगद्यात सरकवतात. रुग्ण पिशवीतला झेनॉन वायू नळीने ओढतो आणि श्वास रोखतो. फुफ्फुसात वायू जिथे पोहोचतो, तिथला त्याचा बारीक आवाज मी टिपतो आणि पडद्यावर तो भाग उजळतो. साधी हवा मला ऐकू येत नाही.

त्या दिवशी नॉर्मन हिंचलिफ आले होते. जन्म कोळशाच्या खाणीत गेलेला. खाणीच्या बँडमध्ये ते अजून कॉर्नेट, म्हणजे तोंडाने फुंकायचे पितळी वाद्य, वाजवत. फुफ्फुसाचा काही भाग चांगला निघाला, तरच खराब भागाकडे जाणारी हवेची वाट बारीक झडप बसवून बंद करता येणार होती, म्हणजे चांगल्या भागाला फुगायला जागा मिळाली असती.

"बाई, लग्नाला सजवताय का मला?"

"हलू नका, नाहीतर पुन्हा सजवावं लागेल," मला त्यांच्या छातीभोवती बांधत तंत्रज्ञ ग्लेनिसबाई म्हणाल्या. त्यांनी नाकाला चिमटा लावला, नळी तोंडात दिली.

छाती टम्म फुगली. मला मात्र जवळजवळ काहीच ऐकू आले नाही. पडदा काळा.

"काहीच उरलं नाही वाटतं," डॉक्टर हळूच म्हणाले.

माझीच तार तुटली असेल, असे मला वाटले. वय झाले की आधी स्वतःवरच संशय येतो.

ग्लेनिसबाईंनी पिशवी उचलली. ती अर्धीअधिक भरलेली होती.

"नॉर्मन, श्वास कुठून घेतलात?"

"ओठांच्या कोपऱ्यांतून. कॉर्नेट तोंडाला असताना दुसरीकडून कुठून घेणार? साठ वर्षांची सवय आहे."

"अहो, खोलीतली हवा ओढलीत तुम्ही! ओठ गच्च मिटा. बँड इथे नाही."

खास तयार केलेल्या या वायूचा आवाज काही मिनिटांतच विरतो, आणि आता एकच पिशवी उरली होती. नॉर्मननी ओठ मिटून ओढले. मला डावीकडून, मग उजवीकडच्या वरच्या भागातून ऐकू येऊ लागले. उजवा तळ तेवढा मुका राहिला.

"एवढाच भाग गेलाय," डॉक्टर म्हणाले. "झडप बसवता येईल."

"मग बसवा," नॉर्मन म्हणाले. झेनॉन हवेपेक्षा जड, त्यामुळे त्यांचा आवाज एकदम खर्जात गेला होता. ग्लेनिसबाई हसता हसता डोळे पुसू लागल्या.

मित्रांनो, मला घडी घालून कोंबू नका, तारा तुटतात. आणि कुणाच्या छातीत अंधार दिसला, तर त्याला निकाल सांगण्याआधी श्वास कसा घेतला, एवढे जरूर विचारा.